अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरी

प्रिय सई,

काल फोनवर विचारलंस, "आपल्या मराठी पद्धतीने दोन मुलींचं लग्न लागतं का? मग मंगळसूत्र कोण कोणाला घालणार?" मी "लागतं" म्हणाले, पण ते अर्धंच उत्तर झालं.

विधींचं काहीच अडत नाही. कुंकवाने स्वस्तिक काढलेला अंतरपाट मध्ये धरायचा, मंगलाष्टका म्हणायच्या, शेवटच्या "सावधान"ला तो बाजूला करायचा, की हार आणि अक्षता. सप्तपदीतलं पहिलं पाऊल अन्नासाठी, पाचवं संततीसाठी, सातवं सख्यासाठी. पाचव्यावर बोट ठेवणारे भेटतात. पण सत्तरीतल्या दोघांनी लग्न केलं तर त्यांना कोणी मुलांचं विचारत नाही. कन्यादान मात्र खुशाल गाळावं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873मध्येच भटजींशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, म्हणजे विधी बदलणं हीसुद्धा आपलीच रीत.

अडतं ते कायद्यात. 1954च्या विशेष विवाह कायद्यात नोंदणीसाठी मुलगा 21 वर्षांचा आणि मुलगी 18ची हवी. दोन मुली त्यात बसतच नाहीत. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगितलं. पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला आणि तो प्रश्न संसदेवर सोडला. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, कारण लग्नाच्या नोंदीबरोबर जे आपोआप मिळतं, ते या जोडप्यांना एकेक कागद करून जमवावं लागतं, आणि तरी ते पुरं पडत नाही.

वारसाहक्कच बघ. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस असते. वीस वर्षं एका घरात राहिलेली जोडीदारीण कोणीच नसते. म्हणून मृत्युपत्र हवंच, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, त्यावरून वाद होऊ शकतो. लोक नॉमिनी नेमून निर्धास्त होतात, तिथेच फसतात: नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात. एकीने दुसरीला आपल्या वतीने व्यवहार करायला दिलेलं मुखत्यारपत्र, देणारी गेली की संपतं. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर आयकर नाही. जोडीदारिणीकडून वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर भेट आली, तर सगळ्या रकमेवर कर. आणि मूल दत्तक घ्यायचं तर दोघींपैकी एकटीच्याच नावावर, कारण जोडप्याला दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन दाखवावं लागतं.

इथे नेदरलँड्समध्ये 1 एप्रिल 2001पासून असं लग्न नगरपालिकेत रीतसर लागतं. तेच प्रमाणपत्र घेऊन पुण्याला गेलं, तर कायद्यापुरत्या त्या दोघी मैत्रिणी.

मंगळसूत्राचं विचारलंस ना? दोघींनी एकमेकींना घालायचं. एक वाटी एकीच्या माहेरची, दुसरी वाटी दुसरीच्या माहेरची.

तुझी,
आई