बाबांची दृष्टी गेली आहे. साधा बटणांचा फोन सोडून त्यांना स्मार्टफोन वापरता येईल का?

नक्की येईल. माझ्या मावशीने साठी ओलांडल्यावर शिकून घेतला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावर काय आहे ते मोठ्याने वाचून सांगणारी सोय, असतेच, सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ती चालू करा. आयफोनवर त्याच कामासाठी २००९ पासून व्हॉइसओव्हर आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस मात्र जड जातात. काचेवर हाताला काहीच लागत नाही, त्यामुळे माणूस बावरतो. उजवीकडे बोट सरकवलं की पडद्यावरच्या पुढच्या गोष्टीचं नाव ऐकू येतं आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. मावशीला आठवडाभर एवढंच शिकवलं. फोन घेणं, फोन लावणं, बस्स. आवाज मराठी ठेवा आणि बोलण्याचा वेग कमी करा. यावर बरंच काही अवलंबून असतं, कारण भरभर बोलणाऱ्या इंग्रजी आवाजाला कंटाळून कितीतरी जण फोन बाजूला ठेवतात.

नंतर रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप द्या. ते २०२० मध्ये आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेटशिवायसुद्धा. भाजीवाल्याकडून सुटे घेताना मावशी आता स्वतः खात्री करून घेते.

आणि कृपा करून त्यांच्या हातातून फोन घेऊन 'मी करून देतो' म्हणू नका. चुकू द्या त्यांना.