मिस्त्रीला विचारा: मागे कॅरॅव्हॅन, पुढे रेडिएटर

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमच्याकडे २०१४ सालची डिझेल एसयूव्ही आहे. इंजिन २.२ लिटरचं, गिअर मॅन्युअल, रेडिएटरचा पंखा इंजिनवरच फिरणारा. यंदा एक छोटी कॅरॅव्हॅन घेतली. सामानासकट तिचं वजन ८०० किलोच्या आसपास जातं. आईचे गुडघे गेलेत, लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, म्हणून हा खटाटोप. मे महिन्यात मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटानं रत्नागिरीला जायचा बेत आहे. नुसती गाडी आजवर कधी तापलेली नाही. पण ओळखीतले एकजण म्हणतात, मागे काही ओढायचं तर मोठा रेडिएटर आणि पुढून दोन जादा पंखे बसवल्याशिवाय निघूच नका. खर्च २५ हजारांच्या घरात सांगताहेत. करू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका करू. आत्ता तरी नकोच. आधी कंपनीनं दिलेला रेडिएटर पुरता कामाला लावू. दहा वर्षांच्या गाडीत तो पुरता कामावर नसतोच, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस सांगतोय असं समजा.

“नुसती गाडी कधी तापली नाही” यावर जाऊ नका. रिकाम्या गाडीला रेडिएटरची सगळी ताकद लागत नाही. रेडिएटरची अर्धी जाळी बुजली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही. कॅरॅव्हॅन जोडली की ती बुजलेली अर्धी जाळी नडते.

हिशेब बघा. ढोबळमानानं डिझेलच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्यात जातो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून, आणि उरलेल्यातला मोठा वाटा कूलंटला, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरणाऱ्या पाण्याला, वाहून न्यावा लागतो. ओढ वाढली की हा वाटाही वाढतो. आता उन्हाळा धरा. कूलंट १०० अंशांवर आणि बाहेर २५ अंश असेल तर मधला फरक ७५. सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४२ असतात, तेव्हा फरक उरतो ५८. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळपास पाव हिश्शानं दुबळा होतो. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला, तो आपली उष्णता आधीच त्या हवेत ओततो. डांबरावरची हवा तर ४२ हूनही तापलेली.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. वरवरचं धुणं नव्हे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते, सगळा कचरा तिथं साठतो. समोरून बघाल तर जाळी चकचकीत दिसते. आपल्याकडं तर त्या फटीत दोन खास गोष्टी निघतात. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडजवळ उभी राहणारी गाडी असेल तर सुताचा फुफाटा, चादरीच्या अस्तरासारखा जमलेला. आणि फेब्रुवारी-मार्चात मंगळवेढ्याकडं ये-जा असेल तर ज्वारीच्या मळणीचा भुसा. वरचे ब्रॅकेट सोडवून कंडेन्सर जरा पुढे घ्यायला सांगा. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, साध्या पाइपनं. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पाती आडवी होतात आणि हवा कायमची बंद. जाळीपुढं जादा दिवे, नावाची मोठी पाटी, बुलगार्ड असं काही असेल तर तेही काढा. बुलगार्डला तर २०१७ पासून बंदीच आहे.

दुसरं, पंख्याभोवतीची प्लास्टिकची काउल. बेल्ट किंवा पंप बदलताना ती काढतात आणि एखादा बोल्ट हरवला की परत लावायचा कंटाळा करतात. काउल नसली की पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. घाटात गाडी २० च्या वेगानं चढते तेव्हा समोरून वारा जवळजवळ नसतोच, सगळी भिस्त पंख्यावर. काउल तुटलेली असेल तर तुमच्या २५ हजारांतले पहिले पैसे तिथं घाला.

तिसरं, पंख्याचा व्हिस्कस क्लच. पंख्याच्या मधोमध जी गोल चकती दिसते ती. आत सिलिकॉन तेल असतं, पुढं पट्टीची स्प्रिंग. गरम हवा लागली की स्प्रिंग तेलाला वाट करून देते आणि पंखा जोरात धरतो. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण जीव नसतो. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हातानं ढकला. जड जाऊन जागच्या जागी थांबला तर ठीक. भिरभिरत दोन-तीन वेढे घेतले, किंवा चकतीवर तेलकट धुळीचे ओघळ दिसले, तर क्लच गेला. ही एकच वस्तू बदलून बरा झालेला रोग मी पुष्कळ पाहिलाय, आणि त्याच रोगावर लोक नवा रेडिएटर घेतात.

मग रेडिएटरचं झाकण. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, म्हणून कुणी बघत नाही. ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. साधं पाणी १०० अंशांवर उकळतं, पण झाकणानं साधारण १ बारचा दाब धरला की १२० पर्यंत उकळत नाही. पाण्यात कूलंटचं रसायन मिसळलेलं असेल तर त्याच्याही पुढे. रबर कडक झालं की दाब निसटतो आणि १०५ लाच आत बुडबुडे सुरू होतात. झाकणावर आकडा लिहिलेला असतो, तोच आकडा घ्या. “जास्त दाबाचं लावा, बरं” म्हणणाऱ्याचं ऐकू नका, जुने पाइप फुटतील.

रेडिएटरचे रबरी होज पाइप दाबून बघा. चिरा, फुगवटा किंवा क्लिपजवळ ओल दिसली तर बदला. खालचा पाइप विशेष, कारण तिथं पंप पाणी ओढतो आणि मऊ पडलेला पाइप इंजिनचा वेग वाढला की आत चिपकतो. उभ्या गाडीत हे कळतच नाही. बेल्ट, आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ येतो का, हेही त्याच वेळी. शेवटी जुना पुणे नाका असो की अक्कलकोट रस्ता, रेडिएटरवाल्याकडं हातपंप लावून दाबाची चाचणी होते, ती करून घ्या. दाब उतरत असेल आणि बाहेर कुठं थेंब नसेल तर हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या सीलची) शंका धरा आणि सहलीची तारीख पुढं ढकला.

एवढं झालं की ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या, सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र घ्या, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. डॅशबोर्डवरचा काटा भरवशाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, ८० असो की १००, आणि हलतो तेव्हा वेळ गेलेली असते.

आता रस्ता. तुम्ही आंबा घाटाची धास्ती घेतलीय, पण जाताना तिथं उतार आहे. उतरताना पाणी थंड राहतं, तापतात ते ब्रेक. म्हणून खालचा गिअर आणि दम खात उतरा. जाताना कूलंटची खरी परीक्षा सांगोला-मिरज पट्ट्यात, सपाटीवर. कॅरॅव्हॅन गाडीहून उंच आणि रुंद, आणि मे संपत आला की पश्चिमेचं वारं सुटतं, नेमकं तुमच्या तोंडावर. वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ६५ चे ८० केलेत की ती पावणेदोन पटीच्या वर गेली. तेव्हा ६५ च्या आसपास राहा आणि पहाटे चारला सोलापूर सोडा. दुपारी ४२ अंशांत आईंना बसवून एसी बंद करायला मी तरी सांगणार नाही.

घाटाची परीक्षा परतीला. साखरपा सोडलं की चढ लागतो, तोही पहाटेच गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, इंजिनच्या मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर, न रेटता. वरच्या गिअरला इंजिन कण्हत ओढलं की पंप आणि पंखाही हळू फिरतात, म्हणजे उष्णता जास्त आणि गारवा कमी. मोबाइलवर १०५ दिसले की एसी बंद, गिअर खाली, वेग कमी. तरी चढत असेल तर हीटर पूर्ण सोडा. कोकणच्या दमटाईत ती शिक्षाच आहे, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. ११० ला बाजूला थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. १२०० फेऱ्यांवर चालू ठेवा, बहुधा चार-पाच मिनिटांत उतरतं. वाफ दिसली, पाणी गळालं किंवा बेल्ट तुटला तर मात्र तत्काळ बंद. वरचा होज पाइप हातात धरवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही आणि तापल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. दोन्ही वाहनांच्या चाकांना दगड लावा, आणि निघताना ते दगड रस्त्यातून उचला. मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो त्यानं.

या सगळ्याच्या आधी एक रंगीत तालीम हवी. कॅरॅव्हॅन पूर्ण भरा, पाण्याची टाकीसुद्धा, आणि भर दुपारी तुळजापूरला जाऊन या. देवीच्या पायथ्याचा घाट छोटा आहे, घर ४५ किलोमीटरवर आहे, अडकलात तर मदत मिळते. सपाटीवर ९० ते ९५ आणि घाटात १०० ते १०२ ला थांबून लगेच खाली आलं तर कोकणात बिनघोर जा. सगळं दुरुस्त करूनही १०८-११० दाखवलं, तर मात्र जास्त जाडीच्या कोअरचा (आतल्या जाळीचा) रेडिएटर घ्या, तेव्हा माझी ना नाही. पुढचे जादा पंखे तरीही नकोत. हमरस्त्यावर तेच हवेच्या वाटेत उभे राहतात.

कागदांचं थोडक्यात: गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा बघा, आणि कॅरॅव्हॅनची आरटीओ नोंदणी वेगळी असते, ती झालीय ना याची खात्री करा.

प्रश्न : आमचे मेकॅनिक म्हणतात, उन्हाळ्यात थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी तापणार नाही. आम्ही पिकअपमागे ट्रॉली लावून भाजी नेतो. काढावा का?
— एक भगिनी, बार्शी

उत्तर : काढू नका, ताई. हा सल्ला माझ्या डोक्यात जातो, कारण अर्धी गॅरेजं तो फुकटात देतात. हा व्हॉल्व्ह पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडं सोडतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याला मागं एक दुसरी चकती असते. इंजिन गरम झालं की पुढचं तोंड रेडिएटरकडं उघडतं आणि मागची चकती आतल्या आत फिरणाऱ्या पाण्याची वाट बंद करते. व्हॉल्व्हच काढला तर ती वाट कायम उघडी. निम्मं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता इंजिनात परत. रिकामी गाडी थंड चालते म्हणून मेकॅनिक खूश, आणि ट्रॉली भरून चढाला लागलात की तापते. सकाळी इंजिन वेळेवर गरम न झाल्यानं डिझेल जास्त जातं ते वेगळंच. व्हॉल्व्हची शंका असेल तर काढून पातेल्यात पाण्यात टांगा आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला तर तो चांगला. नाही उघडला तर नवा टाका. रिकामी जागा ठेवू नका.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालेल का? कूलंट हिरवा घ्यावा की लाल?
— एक वाचक, कुर्डुवाडी

उत्तर : बोअरचं नको. त्यातले क्षार गरम भिंतीवर थर धरतात, आणि नळ्या बुजल्या की बाहेरून कितीही धुवा. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीवाल्याकडं मिळतं. वाटेत जीव अडकला तर बाटलीबंद पाणी घाला आणि घरी आल्यावर सगळं बदला. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतो. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. प्रमाण निम्मं-निम्मं पुरे. निव्वळ कूलंट ओतणारे असतात, पण त्यातलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे गाडी उलट जास्त तापते. आणि काढलेला जुना कूलंट अंगणात थाळीत ठेवू नका. तो गोड लागतो आणि विषारी असतो. कुत्री चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडं द्या.