घरातल्या रोजच्या धावपळीत माइंडफुलनेस आणि वेलनेस कसं आणावं? त्यासाठी वेगळी खोली करावी का?

तुमचा प्रश्न वाचला आणि "वेगळी खोली" या दोन शब्दांवर अडकले. बाकी सगळं समजलं, दोघांच्या नोकऱ्या, दोन मुलं, सासूबाई, दिवसातून पंधरा मिनिटंही स्वतःची मिळत नाहीत, सगळं मान्य. पण खोली नका करू. का ते सांगते, जरा लांबेल.

आमच्याकडे अशी खोली होती. दादाची. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, कामाच्या ताणाने बीपी वाढलेलं, रात्र रात्र झोप नाही, डॉक्टरांनी सांगितलं की गोळी देतो पण स्वतःसाठीही काहीतरी करा. मग त्याने माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारा, ऑनलाइन कोर्स लावला. आठ आठवड्यांचा, जगभर चालतो तोच, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलेला. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा क्लास, मध्ये एक अख्खा दिवस मौन, आणि घरी रोज पाऊण तास होमवर्क. हा पाऊण तास लक्षात ठेवा.

आता गंमत बघा. कबाट-झिननी तो कोर्स काढला कोणासाठी, तर हॉस्पिटलमधल्या पेशंटांसाठी, जुनाट दुखणी असलेली माणसं, ज्यांना डॉक्टरांकडे देण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणजे मुळात दुखणाईतांची गोष्ट. आणि आमच्या घरातला दुखणाईत भिंतीच्या पलीकडे खोकत होता.

बाबांना सीओपीडी होता, फुप्फुसांचा जुनाट आजार. ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, ज्यांच्या नाही त्यांच्यासाठी एवढंच की श्वास आत घेता येतो पण पूर्ण बाहेर सोडता येत नाही, छातीत शिळी हवा अडकून राहते, आणि मग नवीन हवेला जागाच नसते. ऑक्सिजनचं मशीन, नेब्युलायझर, इनहेलर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर, सगळ्याच्या वेळा माझ्या डोक्यात. रात्री दोनदा उठणं माझं. भांडी, कपडे, डॉक्टरांचे फोन माझे. दादा पैसे द्यायचा, ते नाही म्हणत नाही.

तर खोली. आधी त्यात इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा होत्या, त्या माझ्या खोलीत आल्या. तिथे गादी, मंद दिवा, सुगंधी मेणबत्ती. मेणबत्तीने पहिल्याच दिवशी बाबांना अशी ढास लागली की मशीनचा आकडा वाढवावा लागला. मेणबत्ती गेली, मग ते वाफ सोडणारं सुगंधी तेलाचं यंत्र आलं, तेही गेलं. वेलनेसच्या नावाखाली विकायला ठेवलेल्या निम्म्या गोष्टी घरातली हवा खराब करतात, हे माझं मत आणि ते मी बदलणार नाही. मग फोनमध्ये घंटेचं अ‍ॅप आलं. दर तासाला टण्ण. घंटा वाजली की थांबायचं आणि तीन श्वास घ्यायचे. बाबांना दर वेळी वाटायचं दारावर कोणीतरी आलंय, ते हाक मारायचे, "अगं बघ कोण आलंय." दिवसातून बारा वेळा. दादा डोळे मिटून तीन श्वास घेतोय आणि मी बाबांना सांगतेय की कोणी नाही आलं, झोपा.

एकदा मी सिंकपाशी पुटपुटत होते, तेव्हा त्याने मला थिक न्यात हान्ह सांगितले. ते व्हिएतनामी भिक्षू म्हणायचे की भांडी धुताना भांडी धुण्यासाठीच धुवा, कधी एकदा संपतंय म्हणून नको. "तू भांडी माइंडफुली धू ना, तेच तुझं ध्यान." मी काही बोलले नाही. नंतर स्वतःच शोधून वाचलं तर कळलं की ते नवशिके भिक्षू असताना शंभरेक जणांची भांडी घासायचे, साबण नसायचा, राख आणि कोंडा घेऊन. म्हणजे स्वतः घासली होती हो! बहिणीला घासायला लावून वर उपदेश नव्हता केला. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आठ वर्षांनी इथे लिहितेय.

त्या दिवसाचं सांगते म्हणजे खोलीचा मुद्दा संपेल. सकाळी सव्वासहा. मी बाथरूममध्ये. दादा खोलीत, दाराला आतून कडी, त्याचं बॉडी स्कॅन चालू, म्हणजे पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष न्यायचं, पाऊण तास. बाबा उठून बसायला गेले, नाकातली नळी सुटली, आणि त्यांना दम लागला. त्यांनी हाक मारली. एकदा नाही. मला शॉवरखाली ऐकू आलं नाही. मी बाहेर आले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसलेले, ओठ निळसर, ऑक्सिमीटरवर ८१, फारच कमी.

नळी लावली, मशीन बघितलं. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेलं सगळं, हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसवायचं, छोटा पंखा तोंडावर लावायचा (चेहऱ्यावर वारा लागला की दम लागल्याची भावना कमी होते, साधी गोष्ट आहे पण खूप उपयोगी), आणि ओठांचा चंबू करून श्वास. फुलाचा वास घ्यावा तसा नाकाने आत, दोन आकडे. मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू बाहेर, चार आकडे. चंबूमुळे आत थोडा दाब राहतो, श्वासनळ्या लगेच मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते. नुसतं सांगून बाबांना जमायचं नाही, घाबरलेल्या माणसाला नाहीच जमत, म्हणून मी समोर जमिनीवर बसून त्यांच्याबरोबर करायचे. त्यांच्या डोळ्यांत बघून. आत, एक दोन. बाहेर, एक दोन तीन चार. ओल्या केसांतून पाणी गळतंय आणि मला त्याचं भानच नाही, फक्त त्यांचे ओठ दिसताहेत. मधेच मी ओरडले, दार वाजवलं. दादा आला.

डॉक्टरांना फोन, मग हॉस्पिटल, चार दिवस. बाबा बरे होऊन घरी आले, तो भाग नीट झाला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याला विचारलं, तुला हाका ऐकू आल्या नाहीत का? दादा खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण. म्हणाला, "आल्या. पण मी आवाज फक्त आवाज म्हणून नोंदवला आणि परत पायांवर लक्ष आणलं. तसंच शिकवलंय."

तसंच शिकवलंय! कोर्समध्ये कोणी असं शिकवत नाही, गाडीचा हॉर्न आणि बापाची हाक यात फरक करू नका असं कुठल्याच गुरूने सांगितलेलं नाही. उलट जे समोर आहे त्याला नीट बघा एवढंच सांगतात. पण दार लावून, कडी घालून, एकट्याने ते रोज गिरवलं की माणूस असं काहीतरी शिकतो.

तर तुमचा प्रश्न. घरात माइंडफुलनेस आणायचं म्हणजे माझ्या मते आधी कागद पेन घ्या आणि घरात कोणाच्या डोक्यात कुठली यादी आहे ते लिहून काढा. औषधं कधी संपतात, मुलांच्या शाळेत काय द्यायचंय, सासूबाईंची तपासणी कधी आहे. माझी पैज आहे की तीन चतुर्थांश यादी एकाच माणसाच्या डोक्यात असेल. ती वाटून घ्या. नुसती कामं नाही, लक्षात ठेवणंसुद्धा. त्या माणसाला मग ध्यान वगैरे शिकवा, आधी नाही. दादा मला तो अभ्यास ऐकवायचा, हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली छापलेला, दोन हजारांवर लोकांना फोनवर अवेळी विचारलं की आत्ता काय करताय आणि लक्ष कुठे आहे, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच, आणि भटकलेल्या मनाचे लोक कमी आनंदी. बरोबरच असेल. पण माझं मन भटकत नव्हतं दादा, ते गोळ्या मोजत होतं.

बाकी तंत्र म्हणाल तर फार नाही. नवीन वेळ काढू नका, जे रोज होतंच त्याला चिकटवा. नळ उघडला की एक लांब उच्छ्वास. बाहेरून आल्यावर दाराच्या मुठीवर हात ठेवला की थांबायचं, आत कोण कसल्या मूडमध्ये आहे ते आधी ऐकायचं, मग तोंड उघडायचं. मुलांवर ओरडायच्या आधी श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, सोडायचा, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे अंधश्रद्धा नाही, शरीरच तसं आहे. फोन रात्री बेडरूमच्या बाहेर. झालं. एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब, आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही निघालं. त्यामुळे चुकलं की सोडून देऊ नका, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याचं चुकलं की टोमणा मारू नका.

हे आधी लिहायला हवं होतं, आता आठवलं. ज्यांना पॅनिक अटॅक येतात किंवा आधी काही भयंकर घडून गेलंय त्यांनी डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायची सक्ती स्वतःवर करू नये, काहींना त्याने जास्त त्रास होतो. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकलेत ते बघा, आणि डॉक्टरांशी बोला. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ध्यान सुरू केलं म्हणून गोळी बंद करायची नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासून निघालं होतं की ध्यानाने चिंता, नैराश्य, दुखणं यात लहान ते मध्यम फरक पडतो, पण औषध किंवा व्यायाम यापेक्षा ते सरस असल्याचं दिसलं नाही. म्हणजे चालायला गेलात तरी चालेल.

आणि दादाबद्दलही एक लिहायला हवं, लिहायचं मनात नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यावर त्याने घंटा बंद केली आणि आठवड्यातल्या तीन रात्री स्वतःकडे घेतल्या. त्या रात्री बाबा त्याच्याजवळ माझ्यापेक्षा शांत असायचे. मी श्वास मोजायला बसले की माझं एक लक्ष घड्याळाकडे असायचं, सकाळी ऑफिस. तो बसायचा तो बसायचा. तासभर, कुठे जायचंच नाहीये असा. ते त्याला त्या कोर्सनेच दिलं असेल, मी नाही म्हणणार नाही. फक्त त्याच्यासमोर म्हटलेलं नाही, आणि बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली.

तेव्हा बसायचं असेल तर एक खुर्ची ठेवा, जिथून हाक ऐकू येईल अशा जागी. दार लावावंच लागत असेल तर लावा, पण कडी नको. दादाच्या खोलीची कडी मी बाबा हॉस्पिटलात असतानाच काढली, चार स्क्रू होते, एक जाम झालेला तो तोडावा लागला. भोकं अजून तशीच आहेत. कोणी काढली ते त्याने आजपर्यंत विचारलेलं नाही.