बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बाइकसाठी हाय-लिफ्ट कॅमशाफ्ट बनवून विकावेत का?

तुमचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे, पोरं कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागतायत, असं तुम्ही लिहिलंय. बनवता नक्की येईल. ओतकामापासून हार्डनिंगपर्यंत सगळं बेळगावातच होतं. पैसा जातो तो चाचणीत. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, थोडी जरी वाढवली तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते बघावं लागतं. पिस्टनच्या डोक्यावर मऊ माती लावा, हेड बसवा, क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा, हेड उघडून व्हॉल्व्हच्या ठशाखाली उरलेली मातीची जाडी मोजा. प्रोफाइल, म्हणजे कॅमच्या उंचवट्याचा आकार, बदललं की पुन्हा तेच. शिवाय हे उंचवटे (लोब) लवकर झिजले तर नाव तुमचंच खराब होणार. पाच-दहा नगांत हा खर्च निघत नाही हो.

कायद्यात आधी अडकतं ते गिऱ्हाईक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये, 2019 च्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेले पार्ट बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बीएस-6 या धुराच्या नियमात बसणाऱ्या गाडीत कॅम बदलला की धुराचं गणितही बिघडतं.

म्हणून माझं ऐका, आधी कंपनीच्या मापाचेच कॅम बनवा. हाय-लिफ्ट फक्त ट्रॅकवरच्या गाड्यांना द्या आणि बिलावर तसं स्पष्ट लिहा.