निवेदनावर सही करण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं निवेदन दोनदा वाचलं. 'सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं करावं आणि न घालणाऱ्याकडून दंड वसूल करावा' ही त्यातली मुख्य मागणी. या मजकुरावर मी सही करणार नाही. माझ्याइतकं हेल्मेटाच्या बाजूचं माणूस तुला लातुरात शोधून सापडायचं नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच नुसतं 'नाही' कळवून मोकळं होणं मला पटत नाही.

आधी तुझ्या सायकल ग्रुपमधल्या त्या मुलांचं बघू. ती म्हणतात, माझं डोकं, माझी मर्जी, आणि तू गप्प बसतेस. गप्प बसू नकोस. परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी अपघात विभागात गेली. डोक्याचा मार फार फसवा असतो. हात मोडला तर कुणालाही दिसतो. पण कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठायला लागलं की पहिले काही तास बाहेरून काहीच कळत नाही. पोरगं पडतं, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठतं, कपडे झटकतं, टपरीवर चहा पितं आणि 'काही नाही झालं' म्हणत घरी जातं. नंतर डोकं ठणकतं, उलटी होते, गुंगी येते. घरचे म्हणतात, दमलंय, झोपू द्या. झोपू द्यायचं नसतं, तेव्हाच दवाखाना गाठायचा असतो. अशा पेशंटच्या डोळ्यांत आम्ही थोड्या थोड्या वेळानं टॉर्च मारून बघायचो. दोन्ही बाहुल्या सारख्या बारीक झाल्या तर ठीक. एक मोठीच राहिली की डॉक्टरांना हाक मारायची आणि सर्जरीची तयारी सुरू करायची, मिनिटं मोजायला लागायची.

आणि आपल्याकडं ती मिनिटं रस्त्यातच जातात. मोटार वाहन कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटलंय. किनवटहून नांदेड गाठायलाच तो तास पुरत नाही. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी नसतो. लातूर, नांदेड, संभाजीनगर नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. खर्चाचं म्हणशील तर २०२५ साली केंद्रानं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आणली. चांगली आहे. पण ती मोटार वाहनामुळं झालेल्या अपघातासाठी आहे. कुत्रं आडवं आलं आणि तू सायकलवरून आपली आपण पडलीस, तर ती लागू होत नाही. जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं तरी घरातलं एक माणूस महिनोन्महिने उशाशी बसून राहतं, त्याची मजुरी बुडते, म्हैस विकली जाते. डोकं एकट्याचं असेल, त्याचं ओझं एकट्याचं नसतं. हे त्या मुलांना सांग, माझं नाव घेऊन सांग.

हेल्मेटाचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं तर तेही सांग. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरातल्या ४० अभ्यासांमधली ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला मार लागण्याची शक्यता निम्म्यावर आलेली दिसली, गंभीर माराची तर जवळपास ७० टक्क्यांनी कमी. आत दिसतो तो थर्माकोलसारखा फोम, सगळं काम तोच करतो. डोकं आपटल्यावर तो दबतो, चिरतो आणि धक्का स्वतःवर घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही.

आता मी सही का करत नाही ते ऐक. सायकलच्या हेल्मेटाची युरोपातली प्रमाणित चाचणी घेतात ती साधारण दीड मीटर उंचीवरून पाडून. म्हणजे सपाट जागी आपटताना वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. सायकलवरून आपण पडतो तेव्हा डोकं साधारण तेवढ्याच उंचीवरून खाली येतं, त्यामुळं त्या पडण्यासाठी हेल्मेट अगदी योग्य आहे. पण दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर काय असतं ते तू रोज बघतेस. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस हात-हातभर बाहेर, मागं दिवा नाही, परावर्तक असला तर पाचटाखाली झाकलेला. टायर फुटला की ट्रॉली तिथंच रस्त्यात उभी, चाकाला एक धोंडा लावलेला, आणि रात्रभर तशीच. पहाटे अंधारात सायकलवरून दूध घालायला निघालेला माणूस त्या ट्रॉलीवर आदळला किंवा तिच्या चाकाखाली गेला, तर कुठल्या कंपनीचं हेल्मेट त्याला वाचवणार आहे? मागं लाल परावर्तक लावणं वाहनाच्या मालकावर नियमानं बंधनकारकच आहे. तो नियम पाळला जात नाही, आणि तुझं निवेदन मागतंय काय, तर दूधवाल्याला दंड.

तू ऑस्ट्रेलियाचा दाखला दिलास, तो खरा आहे. व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, न्यूझीलंडनं १९९४ मध्ये. पण मेक्सिको सिटीनं भाड्याच्या सायकली सुरू करताना २०१० मध्ये तीच सक्ती काढून टाकली, हेही लिहायला हवं होतंस. आणि नेदरलँड्स? तिथं रोजच्या वापरात हेल्मेट घालणारी माणसं फार थोडी, तरी सायकलसाठी ते जगातल्या सुरक्षित देशांपैकी एक. हे आपोआप झालं नाही. सत्तरच्या दशकात तिथं रस्त्यांवर मुलं मरत होती म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सरकारकडं मागितलं ते मुलांसाठी सुरक्षित रस्ते. माझा कल कुठं आहे ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. नेदरलँड्सचे सायकलमार्ग उद्या अहमदपूर-लोहा रस्त्यावर येणार नाहीत, म्हणून आपण हेल्मेट घालायचं. पण मागणी मात्र रस्त्याची करायची.

मोटारसायकलची हेल्मेटसक्ती मला मान्य आहे, मग सायकलची का नाही, असं तू नक्की विचारशील. मोटारसायकलला नंबर असतो, चालवणाऱ्याला सरकार लायसन देतं, मग सरकार अटही घालू शकतं. वेग तर कितीतरी जास्त. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्यासाठीच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार रुपये, शिवाय तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं. त्या कलमानं पगडी घालणाऱ्या शिखांना सूटही दिली आहे. नांदेडला ते तू रोज बघू शकतेस. म्हणजे सुरक्षेचा कायदासुद्धा समोर कोण आहे ते बघूनच लिहावा लागतो.

तर सायकलवर कोण आहे ते बघ. तुमच्या रविवारच्या राइडमधली गिअरची सायकल सोडून दे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल घेऊन पाच-पाच किलोमीटरवरून शाळेत येणारी आठवी-नववीतली मुलगी. वॉचमनची ड्यूटी संपवून परतणारा म्हातारा. कॅरियरला भांड्यांचं गाठोडं बांधून गावोगाव फिरणारा. चौकात उभ्या पोलिसाला पावती फाडायची असेल तर तो यांनाच अडवणार. जुन्या बाजारात हजार-दीड हजाराला मिळणाऱ्या सायकलवर हजाराचा दंड म्हणजे सायकलच सोडून द्यायची. आणि त्या मुलीची सायकल सुटली की आपल्याकडं बऱ्याच वेळा शाळाही सुटते. बस वेळेवर नसते, बाप एकटीला पायी पाठवत नाही, आणि वर्षभरात स्थळं बघायला लागतात. ऑस्ट्रेलियात कायदा आल्यावर सायकल चालवणारी मुलं कमी झाल्याची मोजणी झाली होती. कायद्यामुळं किती आणि इतर कारणांनी किती, हा वाद तिथं अजून चालू आहे. तिथं सायकल सोडलेला मुलगा आईच्या गाडीत बसतो. इथल्या मुलीला तशी गाडी कुठली?

मर्जीचा प्रश्न मला खरा वाटतो तो इथं. ज्याच्याकडं हेल्मेट घ्यायला पैसे आहेत, दुकान आहे, माहिती आहे, त्यानं न घालणं ही मर्जी झाली. त्या मुलीला हेल्मेट कुणी दाखवलेलंच नाही, तिनं काय निवडलं?

म्हणून मसुदा नव्यानं लिही. जिथं सरकार मुलींना सायकल देतं, तिथं सायकलीबरोबर हेल्मेटही द्यावं, ही पहिली मागणी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. गाळप सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला मागं परावर्तक लावल्याशिवाय कारखान्यानं ऊस आत घेऊ नये, ही दुसरी. हे सहज जमण्यासारखं आहे, कारण प्रत्येक ट्रॉली काट्यावर थांबतेच, तिथंच तपासता येते. शाळेजवळच्या रस्त्यांवर दिवे आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टे मागितलेस तरी चालेल. दंडाची ओळ पूर्ण काढ.

तुमच्या ग्रुपची गोष्ट वेगळी. तिथं माणसं हौसेनं येतात, वेगानं जातात, हायवेला लागतात. तिथं नियम कर, हेल्मेट नाही तर राइड नाही, आणि कुणाचंही ऐकू नकोस. तुमच्यातले काही जण दोनशे किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करतात. तिथं हेल्मेट, दिवे आणि परावर्तक जाकीट असल्याशिवाय सोडत नाहीत, त्यावर कधी कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही. लहान मुलांना आणणाऱ्या आईबापांशीही कडक राहा.

आणि हेल्मेट नीट घालायला शिकव, कारण तुमच्या मागच्या फोटोत निम्म्या मुलींची हेल्मेटं कपाळावरून मागं सरकलेली आहेत. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर हवी. दोन्ही पट्टे कानाच्या खाली मिळाले पाहिजेत. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही, वेणी खाली मानेवर घालायची. आत जाड स्कार्फ बांधायचा नाही, उन्हासाठी पातळ सुती रुमाल पुरतो. मे महिन्यात बेचाळीस अंशांत भोकं नसलेलं हेल्मेट कुणी अर्धा तासही ठेवणार नाही, म्हणून घेताना हवा खेळणारंच घ्या. मोटारसायकलचं अर्धं टोपडं स्वस्त मिळतं म्हणून सायकलवर वापरू देऊ नकोस. ते जड असतं, मान अवघडते, आणि दोन दिवसांत पोरं ते हँडलला लटकवतात.

नवा मसुदा या आठवड्यात पाठव. जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि साखर कारखान्यांकडं तो कारखाने सुरू व्हायच्या आत पोचला पाहिजे. माझी सही सगळ्यात वर घे, आणि नावापुढं 'सेवानिवृत्त परिचारिका' असं लिही. माझ्याबरोबर काम केलेल्या आणखी चार-पाच जणींच्या सह्या मी आणून देते.

तुझी,
मावशी