एल पासोच्या शाळेत मुलाला जेआरओटीसी घेऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे ह्यूस्टनहून एल पासोला येताय, मुलगा ऑगस्टमध्ये नववीत जाईल, विषय निवडायच्या फॉर्मवर 'जेआरओटीसी' (ज्युनियर रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, म्हणजे हायस्कूलमधलं सैनिकी वळणाचं शिक्षण) दिसलं. हे आपल्या एनसीसीसारखंच का, घेतलं तर पुढे सैन्यात जावं लागतं का, आणि एच-फोर व्हिसावरच्या (म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या) मुलाला चालतं का.

सैन्याचं आधी सांगते, कारण घरचे आजी-आजोबा तेच विचारत असणार. नाही, जावं लागत नाही. चारही वर्षं गणवेश घालून मुलगा नंतर अकाउंटिंग शिकायला गेला तरी त्याला कुणी अडवत नाही. बॉण्ड नाही, करार नाही. ज्याला भरती व्हायचंच आहे त्याने इथली तीन वर्षं पूर्ण केली असतील तर सुरुवात थोड्या वरच्या वेतनश्रेणीत होऊ शकते, इतकंच. कॉलेजातलं आरओटीसी, म्हणजे शिकता शिकता सैन्याचे अधिकारी घडवणारी योजना, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे शिष्यवृत्ती घेतली की सेवेचं बंधन येतं. नावं सारखी असल्यामुळे आपल्या लोकांचा इथेच घोळ होतो.

आता एनसीसी. मी सांगलीला शाळेत असताना कॅडेट होते. परेड शाळेच्या वेळेबाहेर, शिकवायला आमचेच एक सर, जे प्रशिक्षण घेऊन एनसीसीचे अधिकारी झाले होते, सोबत बटालियनकडून आलेले हवालदार, आणि परेड संपली की रिफ्रेशमेंट. बरीचशी मुलं रिफ्रेशमेंटसाठीच यायची, खोटं कशाला बोलू. इथे तसं नाही. जेआरओटीसी हा वेळापत्रकातला विषय आहे. त्याला तास आहे, परीक्षा आहे, ग्रेड आहे, आणि टेक्सासमध्ये पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) क्रेडिट त्यातून भागतं. शिकवतात ते सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी आणि सार्जंट. त्यांच्या पगाराचा भार सैन्य आणि शाळा वाटून घेतात. वर्गात ड्रिलपेक्षा इतर गोष्टी जास्त असतात: नकाशा वाचणं, प्रथमोपचार, राज्यघटना आणि सरकार कसं चालतं ते, पैशांचं नियोजन, चारचौघांपुढे उभं राहून बोलणं. आठवड्यातून एक दिवस गणवेश आणि इन्स्पेक्शन. त्या दिवशी बूट, बकल, केस, सगळ्यांना गुण असतात. गणवेश फुकट मिळतो, परत करावा लागतो, ड्रायक्लीनिंगचा खर्च मात्र आपला. रायफल टीम असते, पण ती छर्‍यांच्या एअर रायफलची.

या योजनेची मुळं 1916 च्या नॅशनल डिफेन्स अॅक्टमध्ये आहेत. आधी ती फक्त लष्कराची होती, 1964 च्या कायद्यानंतर नौदल, हवाई दल आणि मरीन्सच्याही तुकड्या निघाल्या. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला दंगल झाली, त्यानंतर तेव्हाचे सैन्यदलप्रमुख कॉलिन पॉवेल यांच्या पुढाकाराने तुकड्यांची संख्या जवळजवळ दुप्पट करायचं ठरलं. गरीब वस्त्यांतल्या शाळांना शिस्त आणि आधार मिळावा हा त्यामागचा विचार. कायद्यात लिहिलेला हेतूही नागरिकत्वाची मूल्यं आणि जबाबदारीची जाणीव असाच आहे, भरतीचा शब्द तिथे नाही. पण ज्या वस्तीत कॉलेजची फी हाच मोठा प्रश्न आहे तिथे गणवेशातल्या माणसाने रोज तासभर प्रेमाने शिकवलं की काय होतं, हे कायद्यात लिहावं लागत नाही.

एल पासोत हे सगळं जरा जास्त गडद होतं. एका बाजूला फोर्ट ब्लिस हा लष्करी तळ, म्हणजे मुलाच्या वर्गात सैनिकांची मुलं असणारच. दुसर्‍या बाजूला रिओ ग्रांदे ही सीमेवरची नदी, आणि पलीकडे दिसणारं मेक्सिकोतलं सिउदाद जुआरेझ. काही मुलं जन्माने अमेरिकन नागरिक आहेत पण राहतात जुआरेझमध्ये, आणि रोज सकाळी पुलावरच्या रांगेत पासपोर्ट दाखवून शाळेत येतात. शहरातली दहातली आठ माणसं हिस्पॅनिक आहेत. वर्गात कमांड इंग्रजीत, गप्पा स्पॅनिशमध्ये.

इथल्या लोकांना गणवेशाची ओढ का आहे, ते बाहेरून आलेल्याला पटकन कळत नाही. दुसर्‍या महायुद्धात 36व्या डिव्हिजनच्या 141व्या रेजिमेंटची 'ई' कंपनी एल पासोच्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांची होती, त्यातली बरीच बोवी हायस्कूलची. जानेवारी 1944 मध्ये इटलीत रॅपिडो नदी ओलांडताना ती डिव्हिजन कापली गेली. (त्याच वर्षी जुलैत त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या शेजारच्या म्हातार्‍या गृहस्थांना हे सांगितलं तेव्हापासून ते मला 'कॉम्रेड' म्हणतात.) सातार्‍याकडे मिलिटरी अपशिंगे गावात घराघरातून माणूस फौजेत का जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला एल पासोचा सेगुंदो बारिओ, ही मेक्सिकन-अमेरिकन लोकांची जुनी वस्ती, समजायला वेळ लागणार नाही.

आणि त्याच बोवी हायस्कूलची दुसरी गोष्टही ऐका. शाळा सीमेला अगदी खेटून आहे. बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमेवर गस्त घालणार्‍या सरकारी दलाची माणसं आवारात येऊन मुलांना, शिक्षकांना केवळ चेहर्‍यावरून अडवायची. खेळाडूंना घेऊन निघालेल्या प्रशिक्षकावर पिस्तूल रोखलं गेलं. विद्यार्थी आणि कर्मचारी कोर्टात गेले आणि 1992 मध्ये फेडरल न्यायाधीशाने या प्रकाराला मनाई केली. म्हणजे ज्यांच्या मामा-आजोबांनी देशासाठी जीव दिला त्यांनाच आपण इथले आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. अशा गावात पोरगा गणवेश घालतो तेव्हा त्यात अभिमान असतो आणि 'आता तरी विचारू नका' असंही काहीतरी असतं. हा माझा तर्क आहे, पण इथे राहून झालेला आहे.

माझ्या मुलीने नववीपासून जेआरओटीसी घेतलं आणि शेवटच्या वर्षी सोडलं, कारण एपी फिजिक्सचा (कॉलेजच्या पातळीच्या फिजिक्सचा) तास त्याच वेळेला येत होता. ही अडचण तुमच्याही मुलाला येणार, तेव्हा फॉर्म भरण्याआधी काउन्सेलरकडून चारही वर्षांचा आराखडा मागून घ्या. तिला काय मिळालं म्हणाल तर आवाज. फुटबॉलच्या सामन्यांना झेंडा घेऊन कलर गार्डमध्ये उभी राहायची, दहावीत पंचवीसेक मुलांची प्लॅटून सांभाळायची. घरात चहाचा कप न उचलणारी मुलगी नवख्या पोरांच्या गणवेशावरच्या रिबनी सरळ करून द्यायची. सैन्यात जायचा विचार तिच्या मनात कधी आला नाही, आमच्याकडे फीचा प्रश्न नव्हता म्हणून. तिच्या मैत्रिणीचं तसं नव्हतं. त्या मैत्रिणीच्या आई-वडिलांकडे या देशात राहायचे कागद नव्हते. सैनिकाच्या कागद नसलेल्या आई-वडिलांना देशात राहू देण्याची सवलत 2013 मध्ये सरकारने लेखी धोरणात आणली, आणि ही माहिती सीमेवरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचली. सतरा वर्षांच्या मुलीने भरतीचा विचार करताना मनात आई-वडिलांचे कागद असावेत, हे मला फार जड गेलं. आणि नदीपलीकडे जुआरेझमध्ये असेही लोक राहतात ज्यांनी ग्रीन कार्डवर अमेरिकन सैन्यात नोकरी केली आणि नंतर गुन्हा घडल्यावर ज्यांना हद्दपार केलं गेलं.

तेव्हा माझं मत विचाराल तर: मुलगा स्वतःहून मागत असेल तर एक वर्ष घेऊ द्या. शाळेने परस्पर टाकलं असेल तर नको म्हणा. हे परस्पर टाकणं काल्पनिक नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की देशात अनेक शाळांनी नववीच्या मुलांना न विचारता या वर्गात घातलं होतं. त्याच वर्तमानपत्राने त्याच वर्षी हेही दाखवलं की आधीच्या पाच वर्षांत किमान 33 प्रशिक्षकांवर विद्यार्थ्यांच्या लैंगिक शोषणाबद्दल फौजदारी आरोप झाले होते. मुलगा असो वा मुलगी, स्पर्धेसाठी बाहेरगावी जाताना सोबत कोण आहे, खोल्या कशा दिल्यात, प्रशिक्षकाचे मेसेज ग्रुपवर येतात की खासगीत, हे बिनधास्त विचारा. चांगला सार्जंट या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो.

एक पत्र मात्र जेआरओटीसी घ्या न घ्या, द्याच. केंद्राचा निधी घेणार्‍या हायस्कूलांना मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर भरती अधिकार्‍यांनी मागितले तर द्यावे लागतात, पालकांनी लेखी नकार दिला नसेल तर. तो नकाराचा कागद शाळा सुरू होतानाच्या गठ्ठ्यात कुठेतरी तळाशी असतो. शोधा, सही करा, प्रत ठेवा.

राहिला व्हिसा. तुकडी चालू ठेवायला किमान 100 मुलं किंवा आठवीच्या पुढच्या पटाच्या 10 टक्के मुलं लागतात आणि त्या मोजणीत नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच धरतात. तुमचा मुलगा त्या आकड्यात धरला जाणार नाही, पण म्हणून वर्गाचं दार बंद होतं असं नाही. मुख्याध्यापक आणि सीनियर इन्स्ट्रक्टर यांच्याकडून ईमेलवर होकार घ्या, तोंडी नको. अठरा पूर्ण झाल्यावरची सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीच्या भरतीची वेळ आलीच तर वापरायच्या यादीतली) नोंदणी ग्रीन कार्डवरच्या मुलांना लागू आहे, वैध व्हिसावर राहणार्‍यांना नाही, आणि तिचा या वर्गाशी काही संबंध नाही. मधल्या काळात तुमचं ग्रीन कार्ड आलं तर मात्र ती तारीख वहीत लिहून ठेवा, कारण अठरावा वाढदिवस आणि 30 दिवस एवढीच मुदत असते.