लग्नाच्या कपड्यांच्या अल्टरेशनला ५,१०० रुपये मागितले, हा दर योग्य आहे का?

आपण लिहिले आहे की बहिणीचे लग्न मार्गशीर्षात आहे. तिने १८,००० रुपयांना घेतलेला तयार लेहेंगा उंचीला अडीच इंच जास्त आणि कमरेला सैल आहे, भावाच्या नव्या कोटाच्या बाह्या लांब आहेत, आणि आईला तिच्या शालूवरचे जुने ब्लाउज घट्ट होते. ऐरोलीतील टेलरने लेहेंगा-चोळीचे ३,५००, बाह्यांचे १,२०० आणि ब्लाउजचे ४०० असे एकूण ५,१०० रुपये सांगितले. एवढ्या पैशांत नवे ब्लाउज आणि साधा घागरा शिवून होतो, मग ही लूट नाही का, असा आपला प्रश्न आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात गेली १९ वर्षे अल्टरेशनचे काम करते आणि माझ्याकडे दोन कारागीर आहेत. तिन्ही कपडे मी पाहिलेले नाहीत, तरी आपल्या वर्णनावरून वाटते की लेहेंग्याचा दर थोडा चढा असला तरी लूट नाही, कोटाचा दर एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ब्लाउजचे ४०० रुपये आतली शिलाई पाहिल्याशिवाय मान्य करू नयेत.

नव्या शिलाईशी तुलना केल्यामुळे अल्टरेशन महाग वाटते, परंतु दोन्ही कामे मुळात वेगळी आहेत. नवा कपडा शिवताना कापड सपाट टेबलावर असते, मापाप्रमाणे कापले जाते आणि टिपा एकामागून एक पडत जातात. अल्टरेशनमध्ये आधी दुसऱ्याने घातलेली टीप कापडाला धक्का न लावता उसवावी लागते, अस्तर सोडवावे लागते, मग मूळ काम, आणि शेवटी सगळे पहिल्यासारखे दिसेल असे बंद करावे लागते. माझ्या टेबलावर येणाऱ्या जड लेहेंग्याचा निम्म्याहून अधिक वेळ उसवण्यात आणि परत जोडण्यात जातो, आणि दरातला मोठा हिस्सा तिथेच असतो.

आपल्या बहिणीचा लेहेंगा अडीच इंच कमी करायचा म्हणजे काय करायचे, ते सविस्तर सांगते. तयार लेहेंग्याच्या खालच्या कडेला बहुधा सगळ्यात दाट काम असते, म्हणून उंची खालून कापता येत नाही, ती वरून, पट्ट्याकडून घ्यावी लागते. त्यासाठी कमरेचा पट्टा, चेन आणि नाडीची वाट सोडवावी लागते. मग वरचे कापड, अस्तर आणि घेर फुगवणारे कॅनकॅन हे तिन्ही थर वेगवेगळे कापावे लागतात, कारण एकत्र कापले तर खाली एक थर लोंबतो. कळीदार, म्हणजे उभ्या निमुळत्या पट्ट्या (कळ्या) जोडून शिवलेला, लेहेंगा वर अरुंद आणि खाली रुंद असतो, त्यामुळे वरून अडीच इंच काढले की नवी कंबर आधीच्या कमरेपेक्षाही मोठी होते. बहिणीला तो मुळातच सैल आहे, म्हणजे कळ्यांच्या शिवणी उसवून प्रत्येक कळी थोडी थोडी आत घ्यावी लागणार. एकाच बाजूला सगळी सैल घेतली तर नक्षी तिरकी दिसते आणि घेर एकीकडे ओढला जातो.

त्यात भरतकाम असेल तर आणखी एक अडचण येते. आरीचे, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामाचे, टाके साखळीचे असतात, म्हणून दोरा एका ठिकाणी कापला की साखळी पुढे उसवत जाते आणि चार दिवसांनी मणी गळू लागतात. म्हणून कापण्याआधी त्या रेषेवर हाताने दोरा बांधून घ्यावा लागतो, आणि जिथे मशीनची टीप येणार तिथले मणी, टिकल्या, खडे एकेक काढून ठेवावे लागतात, नाहीतर सुई मोडते आणि कापडात भोक पडते. टीप झाल्यावर तेच मणी पुन्हा हाताने लावायचे. हे काम पुढून दिसत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला त्याचे पैसे पटत नाहीत, हे मी समजू शकते. माझ्याकडे अशा लेहेंग्याला एका कारागिराचा दीड दिवस लागतो. त्याची रोजची मजुरी मी १,००० रुपये देते, त्यावर हातकाम, दोरा, वीज आणि माझे कापण्याचे काम धरून मी २,२०० ते २,८०० रुपये घेते. चोळीच्या दोन्ही बाजू आत घेण्याचे आणि बाह्या लावण्याचे ४०० धरले तर आपल्याला सांगितलेली रक्कम फार दूर नाही. चोळीबाबत एक पाहून घ्या : तयार चोळीच्या बाह्या पुष्कळदा आतल्या बाजूला घडी करून टाचलेल्या असतात. त्या असतील तर नव्या कापडाचा खर्च वाचतो.

मात्र पैसे देण्याआधी लेहेंगा खरोखर लांब आहे का, हे तपासा. आपल्याकडे मुहूर्ताच्या विधींना नवरी नऊवारीत किंवा शालूत अनवाणी असते आणि लेहेंगा संध्याकाळच्या स्वागत समारंभाला नेसते, तेव्हा पायांत टाचेच्या चपला असतात. अडीच इंचांची टाच असेल तर उंची कमी करण्याची गरजच उरत नाही, आणि कामातला सगळ्यात महाग भाग वाचतो. फक्त कंबर आत घेण्याचे मी ६०० ते ९०० रुपये घेते. माप देताना त्याच चपला आणि त्याच आतल्या कपड्यांसह उभे राहणे म्हणूनच आवश्यक आहे. दरवर्षी एखादी मुलगी घरच्या सपातांवर माप देते आणि समारंभाच्या आदल्या दिवशी घोट्यावर चढलेला लेहेंगा घेऊन येते. कापलेले कापड परत वाढवता येत नाही, त्या वेळी मला फार वाईट वाटते.

कोटाच्या बाह्या मनगटाकडून कमी होणार की खांद्याकडून, हे विचारा. मनगटाजवळची काजे नुसती दिखाऊ असतील, म्हणजे बटणे फक्त वरून लावलेली असतील, तर बटणे काढून खालून दुमडता येते आणि अस्तर पुन्हा जोडता येते. याचे मी दोन्ही बाह्यांचे मिळून ४५० घेते आणि १,२०० मला जास्त वाटतात. पण काजे खरी कापलेली असतील तर खालून कापल्यावर शेवटचे काज कडेला येऊन विचित्र दिसते, म्हणून बाही खांद्यापाशी सोडवून वरून कमी करावी लागते. मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तिथली, गोलाई, आतले पॅडिंग आणि चौकडीचे कापड असल्यास रेघांची जुळणी हे सगळे नव्याने करावे लागते, आणि त्याला १,२०० योग्य आहेत. कोटाचे खांदे मोठे असतील तर मी काम घेतच नाही, कारण तो अर्धा कोट नव्याने शिवण्यासारखा प्रकार आहे. खरेदी करताना खांदा बसतो का, हे आधी पाहावे. पोट, बाही, पँटची कंबर आणि उंची नंतर जमवता येते. पँटची उंची बरीच दुकाने विकतानाच फुकट करून देतात, तेव्हा बिल होण्याआधी विचारून घ्या.

आता आईचे ब्लाउज. ते उलटे करून बाजूच्या शिवणीबाहेर किती कापड दुमडून ठेवले आहे ते पाहा. आम्ही त्याला माया म्हणतो. जुने शिंपी शालूच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक इंच माया ठेवत असत. एका शिवणीत पुढची आणि मागची अशा दोन कडा असतात, दोन्ही शिवणींच्या मिळून चार, आणि प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला तरी छातीला पूर्ण दोन इंच मिळतात. एवढे नुसते टीप उसवून नवी टीप घालण्याचे काम आहे आणि त्याला माझ्याकडे १५० रुपये पडतात. मुंढा घट्ट असेल तर बाहीची खालची शिवणही सोडवावी लागते, तेव्हा २५०. माया उरलीच नसेल तर काखेत जुळत्या रंगाची पट्टी लावावी लागते, आणि तिथे ४०० रुपये योग्य आहेत. हात वर केल्याशिवाय ती पट्टी दिसत नाही.

रेशमाची एक मर्यादा मात्र आईला आधीच सांगा. सुती कापडावरची सुईची भोके पाणी मारून इस्त्री केली की बरीचशी मिटतात, दाट विणीच्या रेशमावर ती राहतात. शिवाय आत दुमडलेला भाग उजेडापासून आणि घामापासून वाचलेला असतो, त्यामुळे सोडलेला पट्टा बाकी ब्लाउजपेक्षा गडद दिसतो. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी त्यांच्या सासूबाईंच्या शालूवरचे जांभळे ब्लाउज माझ्याकडे दिले होते. माया भरपूर होती, म्हणून मी आनंदाने सोडली, आणि दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचे गडद पट्टे उठून दिसले. मी आधी सांगायला हवे होते, ते सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मी आधी दोन इंच शिवण उसवून गिऱ्हाइकाला रंग दाखवते आणि मगच पुढे जाते. आपल्या टेलरलाही एवढे करायला सांगा, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दर हंगामावरही बदलतो. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि कार्तिक-मार्गशीर्षात चांगल्या कारागिराचा हात मोकळा नसतो, त्यात छठपूजेला गावी गेलेले कारागीर परतायला उशीर झाला तर कामे तुंबतात. त्या दिवसांत आठवड्यात काम हवे असेल तर मीही चौथा हिस्सा वाढवून घेते, कारण कारागिराला रात्री बसवावे लागते. पितृपक्षात तेच काम नेहमीच्या दरात आणि शांतपणे होते. आता दिवस थोडे असतील तर लेहेंगा आधी द्या, कोट नंतर दिला तरी चालेल. ठाण्यातल्या राममारुती रोडवरच्या दुकानाचा दर आणि आतल्या गल्लीतल्या टेलरचा दर यांत मोठा फरक असतो, पण त्यातला बराचसा जागेच्या भाड्याचा असतो. ऐरोलीहून ठाणे गाडीने जवळ आहे, तरी ट्रायलसाठी दोनतीन फेऱ्या होणार हे धरूनच ठाण्यात काम द्यायचे की नाही ते ठरवा. तीनचारशे रुपयांच्या फरकासाठी मी तुमच्या जागी गेले नसते.

शेवटची ट्रायल लग्नाच्या आठदहा दिवस आधी ठेवा, कारण धावपळीत नवऱ्या मुली शेवटच्या पंधरवड्यात बारीक होतात. कमरेतून आत घेतलेले जास्तीचे कापड कापू नका, आत दुमडून टाचून ठेवा, असे टेलरला स्पष्ट सांगा, म्हणजे पुढे सैल करायची वेळ आली तर माया शिल्लक राहील. पावतीवर प्रत्येक कामाचा दर वेगवेगळा लिहून घ्या आणि आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. उंची कमी केलीच तर कापलेला तुकडा मागून घ्या. त्यावर काम असेल तर समारंभात कुठे मणी गळले किंवा जाळी फाटली की दुरुस्तीला त्याच रंगाचा दोरा आणि तेच मणी दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.